चालढकल आणि तहकुबी : एका कर सल्लागाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात कृष्णाकाठच्या एका शहरातील त्रेचाळीस वर्षांच्या सनदी लेखापाल माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. या लेखात त्यांना श्रीमती क. असे म्हटले आहे. लेखन त्यांच्या लेखी संमतीने केले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचे स्वतःचे कार्यालय आहे. हाताखाली एक जुने हिशेबनीस आणि दोन आर्टिकल, म्हणजे सीएचे शिक्षण घेणारे प्रशिक्षणार्थी, आहेत. पक्षकारांची संख्या साडेतीनशेच्या घरात असून त्यांत पगारदार, डॉक्टर, हळदीचे व्यापारी आणि औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार असे सर्व प्रकारचे लोक आहेत.

त्यांना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी पाठवले होते. रक्तदाब लागोपाठ दोन तपासण्यांत १५०/१०० च्या पुढे निघाला होता, रात्री तीनच्या सुमारास जाग येत असे, आणि झोपेत दात खाण्याचे प्रमाण इतके वाढले होते की दंतवैद्यांनी रात्री दातांवर बसवायचे आवरण करून दिले होते. डॉक्टरांनी रक्तदाबाचे औषध आधीच सुरू केले होते आणि ते पुढेही चालू राहिले. त्यामुळे रक्तदाबात पडलेल्या फरकाचे श्रेय या लेखात कोठेही समुपदेशनाला दिलेले नाही.

या व्यवसायाचे वर्ष मुदतींवर चालते. दर महिन्याला ७ तारखेला उद्गम कर (टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे वस्तू व सेवा कराचे विक्रीचे विवरण आणि २० ला जीएसटीआर-३बी हे त्याच कराच्या भरण्याचे विवरण. याखेरीज तेव्हाच्या नियमांनुसार ३१ जुलैला ऑडिट नसलेल्यांची आयकर विवरणपत्रे, ३० सप्टेंबरला ऑडिटचे अहवाल आणि ३१ ऑक्टोबरला ऑडिट असलेल्यांची विवरणपत्रे. एक दिवस चुकला तरी विलंब शुल्क लागते, आणि ते पक्षकाराच्या खिशातून जात असले तरी बोल सल्लागाराला लागतो. शिवाय २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात जुलैअखेर म्हणजे एका डोळ्याने कर विभागाचे पोर्टल (संकेतस्थळ) आणि दुसऱ्याने नदीची पातळी पाहण्याचे दिवस असतात.

पहिल्या भेटीत श्रीमती क. यांनी केलेली तक्रार मात्र कामाच्या ओझ्याची नव्हती. “मी आळशी झाले आहे,” असे त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी एखाद्या निदानाच्या सुरात सांगितले.

समस्या

बारा-बारा तास कार्यालयात बसणाऱ्या व्यक्तीने स्वतःला आळशी म्हणावे, याचा अर्थ नोंदी पाहिल्याशिवाय लागणे शक्य नव्हते. म्हणून दोन आठवडे त्यांनी दर तासाला एक ओळ लिहावी असे ठरले. त्या नोंदींत दोन गोष्टी आढळल्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या.

पहिली अशी की सात फाइली अशा होत्या ज्या रोज सकाळी टेबलावर येत आणि रोज संध्याकाळी तशाच कपाटात जात. तांत्रिकदृष्ट्या त्यांतली एकही अवघड नव्हती. एकीत पक्षकाराला रोख भरण्याचे स्पष्टीकरण विचारायचे होते, दोघांकडून थकलेली फी मागायची होती, आणि एकीत जुन्या पक्षकाराला ‘तुमचे हे काम आता मला जमणार नाही’ असे सांगायचे होते. म्हणजे प्रत्येक फाइलीत कोणाला तरी तोंड द्यायचे होते, आणि काम अडले होते ते त्या जागी.

दुसरी गोष्ट श्रीमती क. यांच्या स्वतःच्या लक्षातही आलेली नव्हती. उरलेली सगळी कामे त्या गरजेपेक्षा फार आधी करत होत्या. व्हॉट्सअॅपवरचा निरोप दोन मिनिटांत वाचला जाई आणि पाचव्या मिनिटाला उत्तर जाई, मग पलीकडून विचारलेली गोष्ट ‘रिफंड कधी येईल’ एवढीच का असेना. २०२३ मध्ये काही पगारदारांची विवरणपत्रे त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच भरून टाकली होती. चौथ्या तिमाहीचे उद्गम कराचे विवरण भरण्याची मालकांची मुदतच ३१ मे असल्याने फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, सर्व आकडे तोवर उतरलेले नव्हते, आणि ती विवरणपत्रे नंतर सुधारून पुन्हा भरावी लागली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, हे त्यांनी स्वतःच हसत म्हटले. मानसशास्त्रात या घाईचाही अभ्यास झालेला आहे. डेव्हिड रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांसमोर दोन बादल्या ठेवून त्यांतली कोणतीही एक वाटेच्या टोकापर्यंत न्यायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी आपल्याजवळची बादली उचलली, म्हणजे तेच ओझे अधिक अंतर वाहून नेले. ‘काम लवकर हातावेगळे करायचे होते’ असे कारण त्यांनी दिले.

चालढकल हा वेळेच्या नियोजनातला दोष नसून नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेण्याची रीत आहे, अशी मांडणी फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये केली. ती या प्रकरणाला नेमकी लागू पडते. पाच मिनिटांत दिलेली व्हॉट्सअॅपची उत्तरे हीच त्या सात फाइलींपासून मिळणारी सुटका होती. श्रीमती क. काम टाळत होत्या ते दुसरे काम करून, आणि त्यामुळे दिवसभर राबूनही विश्रांती मिळत नव्हती व कामही सरत नव्हते. ताणाच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या दहा प्रश्नांच्या आणि ० ते ४० गुणांच्या प्रश्नावलीत त्यांचे गुण २९ आले. या प्रश्नावलीत गुण जितके जास्त, तितका ताण अधिक.

विचारात घेतलेले पर्याय

पक्षकार कमी करणे हा पहिला पर्याय. तो श्रीमती क. यांना मान्य होता, परंतु ते काम तोंड द्यायच्या फाइलींपैकीच असल्याने आरंभ तेथून होणे शक्य नव्हते.

दुसरा पर्याय कडक वेळापत्रकाचा. त्यांच्या फोनमध्ये कामांच्या याद्या करणारी तीन अॅप होती आणि तिन्हींत त्या सात फाइली लाल अक्षरांत दिसत होत्या. लाल अक्षरे वाढवून उपयोग नव्हता.

तिसरा पर्याय त्यांनी स्वतः आणला होता. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातील दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज त्यांनी दोनदा भरून दोनदा मागे घेतला होता. दहा दिवस फोन बंद ठेवायचा तर त्या काळात ११ किंवा २० यांपैकी एखादी तारीख येण्याचा संभव मोठा असतो. हा पर्याय नाकारला नाही, पण जेथे ताण उत्पन्न होतो त्या टेबलापासून दूर जाऊन मिळवलेली शांतता त्याच टेबलावर परतल्यावर किती टिकेल याबद्दल मला शंका होती, आणि ती मी बोलून दाखवली.

चौथा पर्याय मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेण्याचा होता. तो घेतला. नैराश्याचे निदान झाले नाही आणि औषधाची आवश्यकता सांगितली गेली नाही.

पाचवा पर्याय चर्चेच्या ओघात पुढे आला. कामे पुढे ढकलली तर जाणारच आहेत, तर ती उघडपणे, ठरवून आणि त्या क्षणी मनात काय चालले आहे ते पाहून का ढकलू नयेत, असा प्रश्न मी विचारला. श्रीमती क. यांनी त्यावर थोडा विचार करून वस्तू व सेवा कर अधिनियमातील कलम ७५(५) चा दाखला दिला. सुनावणीची तारीख पुढे हवी असेल तर पुरेसे कारण दाखवावे लागते, अधिकाऱ्याने ते कारण लेखी नोंदवून तहकुबी द्यावयाची असते, आणि एका कार्यवाहीत तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देता येत नाही. “मग माझ्या फाइलींनाही तहकुबीच देते,” असे त्या म्हणाल्या. पुढचे सर्व काही या एका वाक्यातून निघाले, आणि पुढची चूकही त्यातूनच निघाली.

मराठीत कामाच्या लांबणीला शब्दांची वाण नाही. टंगळमंगळ, चालढकल, दिरंगाई, टाळाटाळ, वेळकाढूपणा असे शब्द आहेत आणि फारच लांबले तर भिजत घोंगडे. या सर्वांत दोष आहे. तहकुबीत तो नाही, कारण तहकुबीला पुढची तारीख असते. चालढकलीच्या अभ्यासात पिअर्स स्टील यांची २००७ मधील व्याख्या बरीच मानली जाते. तिच्यानुसार, नुकसान होईल हे दिसत असतानाही ठरवलेले काम स्वेच्छेने लांबवणे म्हणजे चालढकल. ही व्याख्या मानली तर विचारपूर्वक दिलेली तहकुबी चालढकलीत मोडतच नाही. हा शब्दच्छल आहे, असे एका सहकाऱ्याने मला सुनावले होते. तेव्हा मला तसे वाटले नाही. पुढे डिसेंबरात काय झाले ते पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते.

प्रत्यक्ष कृती

२ सप्टेंबर २०२४ पासून एक लांबट रजिस्टर सुरू झाले. त्यात तीन रकाने होते : काम, तहकुबीचे कारण आणि पुढील तारीख. नियम असा की कायद्याने मुदत ठरलेल्या कामाची तहकुबी त्या मुदतीच्या पाच दिवस आधी संपलीच पाहिजे. तिसऱ्या तहकुबीनंतर काम करायचे, दुसऱ्याकडे सोपवायचे किंवा कायमचे निकाली काढायचे, यांखेरीज चौथी वाट नाही.

नोंद करण्यापूर्वी तीन मिनिटे हात कळफलकावरून उचलून, फोन उपडा ठेवून, ती फाइल समोर घेऊन नुसते बसायचे होते. जबडा आवळला आहे का, श्वास कोठपर्यंत जातो आहे, मनात आलेले पहिले वाक्य कोणते आहे, एवढे पाहायचे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्यासाठी सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यातलेच हे अगदी प्राथमिक स्वरूप म्हणता येईल. तीन मिनिटांनंतर काम करावेसे वाटले तर करावे आणि न वाटल्यास तहकुबी लिहावी. पहिल्या महिन्यात एकतीस वेळा फाइल घेऊन बसण्यात आले आणि त्यांपैकी नऊ वेळा तहकुबीची गरज उरली नाही, काम तेथल्या तेथे झाले.

पहिला निर्णयबिंदू येथेच होता : आरंभी तहकूब काय करायचे? श्रीमती क. यांचा कल त्या सात फाइलींकडे होता. मी उलट सुचवले. आधी लांबवायची ती घाई, म्हणजे व्हॉट्सअॅपची उत्तरे. दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा या दोनच वेळी निरोप पाहायचे असे ठरले, आणि ४ ते ४.३० हा अर्धा तास कार्यालयाच्या गच्चीवर काहीही न करता घालवायचा होता. पहिल्या तीन दिवसांत हिशेबनीस काका दोनदा जिना चढून वर आले. “मॅडम, बरं नाही का?” असे त्यांनी विचारले. मॅडम बसल्या आहेत आणि त्यांच्या हातात फोन नाही, हे दृश्य त्यांनी चौदा वर्षांत पाहिले नव्हते. दोन पक्षकार रुसले, त्यांतला एक दुसऱ्या सल्लागाराकडे गेला. बाकीच्यांना संध्याकाळी सहाची सवय महिन्याभरात झाली.

त्या सात फाइलींना ऑक्टोबरात हात घातला. ऑडिट अहवालांची मुदत त्या वर्षी ३० सप्टेंबरवरून ७ ऑक्टोबरवर गेली होती, त्यामुळे थोडा श्वास घ्यायला जागा झाली. सातांपैकी चार फाइली दुसऱ्या तारखेच्या आत संपल्या. एक निकाली काढली : तिच्यातली थकलेली फी सोडून दिली आणि तसे पत्र पाठवले. दोन पुढे चालू राहिल्या.

पुढची तारीख लिहिण्याने मन का हलके होते, याला संशोधनाचा आधार आहे. अपुरे काम मनात घोळत राहते आणि दुसऱ्या कामात व्यत्यय आणते. परंतु ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत आखला की काम झालेले नसतानाही हा व्यत्यय ओसरतो, असे मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसून आले. श्रीमती क. यांचा अनुभव असाच होता. नोव्हेंबरात त्या सलग सहा तास झोपू लागल्या, आणि डिसेंबरच्या मध्यावर ताणाचे गुण १८ वर आले. त्या भेटीच्या टिपणात मी ‘समाधानकारक प्रगती’ असे लिहिले आहे.

डिसेंबरमधील तीन नोंदी

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस त्यांच्या एका पक्षकाराला, जो बांधकाम साहित्याचा विक्रेता होता, वस्तू व सेवा कराची कारणे दाखवा नोटीस आली. २०२०-२१ या वर्षासाठी कलम ७३ (फसवणूक नसताना कमी भरलेल्या कराची वसुली) खालील आदेश २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत काढणे विभागाला आवश्यक असल्याने त्या सुमारास अशा नोटिसा बऱ्याच निघत होत्या. विक्रेत्याने घेतलेल्या इनपुट क्रेडिटपैकी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीपैकी, १,८४,००० रुपयांचे क्रेडिट जीएसटीआर-२ए मध्ये (पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या खरेदीच्या तक्त्यात) दिसत नाही, असा आक्षेप होता. उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणजे २८ डिसेंबरपर्यंत होती.

रजिस्टरमध्ये या कामाच्या तीन नोंदी आहेत. ३ डिसेंबर : कारण ‘पुरवठादाराकडून माहिती यायची आहे’, पुढील तारीख १२. मग १२ डिसेंबर : कारण तेच, पुढील तारीख २३. शेवटची २३ डिसेंबरची : कारण ‘वरीलप्रमाणे’, आणि तारखेचा रकाना कोरा.

माहिती आधीच आलेली होती. पुरवठादारही श्रीमती क. यांचाच पक्षकार होता. त्याची विवरणपत्रे त्यांच्याच कार्यालयातून भरली गेली होती, आणि टाळेबंदीच्या त्या वर्षी घरून काम करत असताना कोणीतरी या विक्रेत्याची बिले नोंदणीकृत खरेदीदारांच्या तक्त्यात न टाकता किरकोळ ग्राहकांच्या तक्त्यात टाकली होती. कर सरकारजमा झाला होता, चुकला होता तो केवळ रकाना. पुरवठादाराचा दाखला आणि ताळमेळाचा तक्ता जोडून दोन पानांचे उत्तर दिले असते तर ते मान्य होण्याची शक्यता चांगली होती. पण ते उत्तर देणे म्हणजे एका पक्षकाराच्या फाइलीत दुसऱ्या पक्षकाराची आणि पर्यायाने स्वतःची चूक स्वतःच्या सहीने लिहून देणे होते.

मुदत गेली. जानेवारीत सुनावणीची तारीख पोर्टलवर आली आणि गेली, आणि फेब्रुवारीत एकतर्फी आदेश झाला. कायद्याने देऊ केलेली खरी तहकुबी, जिच्यावरून या सगळ्याला नाव मिळाले, ती मागणारा एक ओळीचा अर्ज मात्र केला गेला नाही. मार्चमध्ये श्रीमती क. यांनी हे सर्व मला सांगितले तेव्हा ताणाचे गुण २७ होते, म्हणजे जवळजवळ पहिल्या दिवसाइतके.

या ठिकाणी थोडे थांबणे भाग आहे. डिसेंबरच्या मध्यावर, म्हणजे ही फाइल कुजत असताना, त्यांना सर्वांत शांत वाटत होते. त्या खोटे बोलत नव्हत्या, त्यांना खरोखर तसे वाटत होते, कारण रजिस्टरमध्ये तारीख लिहिलेली होती. डायन टाइस आणि रॉय बॉमायस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांच्या अभ्यासात हेच पाहिले होते. चालढकल करणाऱ्यांना सत्राच्या आरंभी इतरांपेक्षा कमी ताण आणि कमी आजार होते, सत्राच्या अखेरीस दोन्ही इतरांपेक्षा जास्त, आणि गुणही कमी. आराम खरा असतो. तो कर्जाऊ आहे की कमावलेला, हे आरामाकडे पाहून कळत नाही.

दुसरा निर्णयबिंदू मार्चमध्ये आला : रजिस्टर बंद करायचे की दुरुस्त करायचे? श्रीमती क. यांचे मत बंद करण्याकडे होते. आम्ही मागच्या सहा महिन्यांच्या सर्व नोंदी एकत्र वाचल्या, त्या एकशे बारा होत्या. बहुतेक कारणे साधी आणि खरी होती : ‘बँक स्टेटमेंट नाही’, ‘डोके दुखत आहे’, ‘या माणसाशी सोमवारी बोलवत नाही’. शेवटच्यासारखी कारणे मला विशेष मोलाची वाटली, कारण त्यांत ढकलण्यामागची भावना कबूल केलेली होती. खोटे कारण फक्त चार नोंदींत सापडले, आणि त्यांपैकी तीन एकाच फाइलीच्या होत्या. कायद्यातल्या तहकुबीत कारण दाखवणारा वेगळा आणि ते नोंदवणारा वेगळा असतो. आमच्या रजिस्टरमध्ये पक्षकारही त्याच आणि अधिकारीही त्याच होत्या, आणि हे लक्षात यायला आम्हा दोघांना सहा महिने लागले.

रजिस्टर बंद केले नाही. त्यात चौथा रकाना घातला, ‘कोणाला कळवले’. कामाच्या पलीकडच्या टोकाला जो माणूस आहे त्याला नवी तारीख कळवल्याशिवाय तहकुबी पूर्ण झाली असे मानायचे नाही. शिवाय दर शनिवारी दुपारी आठवड्याची सर्व कारणे हिशेबनीस काकांसमोर मोठ्याने वाचायची. काकांनी काही बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. ही कल्पना श्रीमती क. यांची होती आणि ती माझ्या कोणत्याही कल्पनेपेक्षा उपयोगी ठरली.

विक्रेता आणि पुरवठादार यांना त्यांनी एकत्र बोलावून चूक सांगितली. विक्रेता रागावला नाही. “मॅडम, डिसेंबरात सांगितलं असतंत तर एवढं वाढलंच नसतं ना,” एवढेच तो म्हणाला, आणि ते रागावण्याहून जड गेले. अपिलाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक होती. वादातील कराच्या दहा टक्के, म्हणजे १८,४०० रुपये आगाऊ भरून मे महिन्यात अपील दाखल केले. ती रक्कम श्रीमती क. यांनी त्या विक्रेत्याच्या फीतून वळती करून दिली. पुरवठादार वर्षअखेरीस दुसऱ्या सल्लागाराकडे गेला.

मुदतवाढीचे वर्ष

२०२५ मध्ये सरकारनेच तहकुबी दिली. विवरणपत्रांच्या नमुन्यांतील बदलांमुळे ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेल्याचे २७ मे रोजी जाहीर झाले, आणि शेवटी १५ वरून ती आणखी एक दिवस, १६ पर्यंत वाढली. आयटीआर-२ आणि ३ (आयकर विवरणपत्राचे दोन नमुने) भरण्याची साधने पोर्टलवर जुलैत उपलब्ध झाली, त्यामुळे जूनमध्ये घाई करणाऱ्याला करण्यासारखे फारसे काही नव्हते.

मुदतवाढ ही या व्यवसायात दुधारी असते. बातमी येताच पक्षकार कागद द्यायचे थांबतात आणि सर्व काही नव्या तारखेच्या तोंडावर येऊन पडते. श्रीमती क. यांनी जूनमध्ये सर्वांना एकच पत्र पाठवले : पगारदारांनी कागद १० जुलैपर्यंत द्यावेत, व्यापाऱ्यांनी ५ ऑगस्टपर्यंत, आणि ऑडिटच्या फाइली १६ सप्टेंबरपूर्वी उघडल्या जाणार नाहीत. या शेवटच्या वाक्यावर काकांशी त्यांचा दोन दिवस वाद झाला. ऑडिटचे काम जुलैपासून थोडे थोडे करत राहावे, ही कार्यालयाची जुनी रीत होती. श्रीमती क. यांचे म्हणणे असे की थोडे थोडे म्हणजे रोज उघडून रोज बंद करणे, आणि त्या सात फाइलींचे जे झाले ते चाळीस फाइलींचे होईल. अखेर काकांनी प्राथमिक पडताळणी आर्टिकलांकडून ऑगस्टमध्ये करून घ्यावी आणि मॅडमनी फाइल पाहू नये, अशी तडजोड झाली. पुढे ऑडिट अहवालांची मुदतही ३१ ऑक्टोबर आणि नंतर १० नोव्हेंबरपर्यंत वाढली. ही वाढ झाली नसती तर तो निर्णय धाडसाचा ठरला असता की बेफिकिरीचा, हे मी ठरवू शकत नाही.

परिणाम

२९ आणि ३० जुलै २०२४ या दोन दिवसांत कार्यालयात सत्तेचाळीस विवरणपत्रे भरायची राहिली होती. १४ सप्टेंबर २०२५ रोजी नऊ राहिली होती. ही तुलना सरळ नाही, कारण दुसऱ्या वर्षी दीड महिना अधिक मिळाला होता, आणि अधिक वेळ मिळाला म्हणजे कमी काम उरते असे या व्यवसायात कोणीही म्हणणार नाही. सप्टेंबरअखेर ताणाचे गुण १७ होते. झोप सहा तासांवर स्थिर आहे. दातांवरचे आवरण अजून लागते.

रजिस्टरमधील नोंदींची संख्या मात्र कमी झाली. मार्चपूर्वी महिन्याला सरासरी अठरा-एकोणीस तहकुब्या होत होत्या, जूननंतर दहाच्या आत. चौथा रकाना आल्यापासून प्रत्येक तहकुबीला एक फोन किंवा एक निरोप लागतो, आणि श्रीमती क. यांच्या शब्दांत, “तेवढ्या वेळात कामच होऊन जातं.” गच्चीवरचा अर्धा तास चालू आहे. पावसाळ्यात तो जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो. अपील हा लेख लिहीपर्यंत प्रलंबित आहे.

काय वेगळे करता आले असते

माझ्या बाजूने पाहता, चौथा रकाना पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. काम लांबवण्याने मिळणाऱ्या आरामावर माझे इतके लक्ष होते की ते लांबल्याने दुसऱ्या कोणाचे काय होते हा प्रश्न मी विचारलाच नाही. दर भेटीत मी तहकुब्या मोजत होतो, कारणे वाचत नव्हतो. ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द आणि कोरा रकाना जानेवारीच्या भेटीत माझ्यासमोर टेबलावर होता.

कायद्याने मुदत ठरलेली कामे या पद्धतीत घ्यावीत की नाही, याबद्दल माझे मत बदलले आहे. पाच दिवसांची आतली मुदत पुरेशी वाटली होती, परंतु जेथे चूक स्वतःची असण्याची शक्यता आहे तेथे आतली मुदतही आपणच ठरवलेली असते आणि आपणच मोडतो. अशी कामे रजिस्टरमध्ये न लिहिता त्याच दिवशी दुसऱ्या सनदी लेखापालांना दाखवावीत, असे आता ठरले आहे. त्यासाठी श्रीमती क. यांनी शेजारच्या तालुक्यातील एका स्नेह्यांशी परस्पर व्यवस्था केली आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवतो, जिचा या प्रकरणाशी संबंध ओझरता आहे. कार्यालयातील एका आर्टिकलने मॅडमचे पाहून स्वतःच्या अभ्यासासाठी तसेच रजिस्टर घातले. सीएची अंतिम परीक्षा २०२५ पासून वर्षातून तीन वेळा होऊ लागल्याने, जानेवारी जमली नाही तर मे आणि मे जमली नाही तर सप्टेंबर, अशी आयतीच तहकुबी त्याला उपलब्ध होती. त्याची तिसरी तारीख चौथ्या दिवशीच उलटून गेली. अभ्यास हे एक काम नसून रोजचे आहे आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला कळवायला कोणी माणूस नाही, हे कारण असावे असा माझा अंदाज आहे. ते रजिस्टर आता चहाच्या हिशेबासाठी वापरले जाते.